समाधान कुणाचं मोजता?

मी सूतगिरणीत रिंग खात्यावर. पाळी सुटली की वाचनालयात बसतो. तिथं परवा फ्रेडरिक हर्झबर्ग नावाचा अमेरिकन पंडित पुस्तकात भेटला. १९५९ सालचं पुस्तक. त्यानं अन् त्याच्या जोडीदारांनी पिट्सबर्गकडच्या दोनशे इंजिनिअर-हिशेबनिसांना विचारलं, नोकरीत समाधान कशानं मिळतं? उत्तर निघालं ते असं: पगार, साहेबाची वागणूक, कामाची जागा, नोकरीची शाश्वती हे नसेल तर माणूस नाराज. पण आहे म्हणून तो सुखी होत नाही. सुख येतं कौतुकानं, जबाबदारीनं, बढतीनं, खुद्द कामातून. अन् पहिल्या गठ्ठ्याला त्यानं नाव दिलंय हायजीन. म्हणजे स्वच्छता!

वाचून हसू आलं. स्वच्छतेचा हिशेब मांडला, अन् झाडूवाल्याला कुणी विचारलंच नाही.

माझी आत्या नगरपालिकेत झाडूवाली. कायम. तिला मी विचारलं, "आत्या, नोकरीत समाधान हाय का?"

म्हणाली, "पगार झाला की दुकानदार उधारीला नड घालीत न्हाई, येवढं हाय. पन पानी मागितलं तर बंगल्यातली बाई अजून वरनंच वतती."

हर्झबर्गच्या यादीत हे पाणी नाही. त्याचा काय दोष? दोष आहे तो ही यादी जशीच्या तशी उतरवून आपल्या सरकारी नोकरांना लावणाऱ्यांचा. इथं कामाआधी जात हजेरी लावते. केंद्र सरकारनंच गटारं अन् सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची नोंद केली. २०२४ च्या अखेरीस संसदेत आकडा आला: शंभरात ६७ हून जास्त अनुसूचित जातीचे. ही काय त्यांची आवड आहे?

गटारात मेला तर वारसाला २०१४ च्या निकालानं १० लाख, २०२३ च्या निकालानं ३० लाख. मरणाचा भाव वाढला, उतरणं थांबलं नाही. कायदा तर १९९३ चा आहे, २०१३ चाही आहे.

माझा मावसभाऊ बी.ए. झाला. बाप गेला. लाड-पागे समितीमुळं वारसाहक्कानं नोकरी लागली. घर तगलं, हे मी नाकारत नाही. पण पहिल्या दिवशी मुकादमानं बापाचाच झाडू हातात दिला. कुणाच्या वारशात जमीन, कुणाच्या वारशात वाडा. आमच्या वारशात खराटा!

अन् आता ती कायम भाकरीही कापायला घेतलीय. रस्ता पालिकेचा, कचरा पालिकेचा, माणूस मात्र ठेकेदाराचा! मुंबईतल्या २,७०० कचरा कामगारांना कायम म्हणवून घ्यायला सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं, तेव्हा २०१७ साली निकाल मिळाला. संघटना होती म्हणून मिळाला. बाकीच्यांचं काय?

तेव्हा आपल्यातले जे म्हणतात, "सरकारी नोकरी मिळाली ना, आता गप बसा," त्यांना माझं सांगणं आहे. जयंतीच्या मंडपात भाषण ठोकण्याआधी एकदा पहाटे हजेरीच्या जागी उभे राहा. कुणाला हातमोजे मिळाले, कुणाचा पगार ठेकेदारानं कापला, शिकलेला पोरगा कुठल्या पदावर घेतला, वहीत लिहा. ती वही घेऊन मुख्याधिकाऱ्याच्या दारात बसा. ठेका बंद करा, शिक्षणाप्रमाणं पद द्या, गटारात यंत्र उतरवा, हे मागा.

समाधान नंतर मोजू. आधी आत्याला हातात तांब्या मिळू दे.