धामणीचे खाते

इंदूरचे सियागंज म्हणजे घाऊक किराण्याची पेठ. माल तेथे उंदीर आणि उंदीर तेथे धामण! अशा गोदामात साप दिसला की 'नाग, नाग' म्हणून काठी उगारली जाते. वस्तुतः धामणीला ना फणा, ना विष. असा बिनपगारी राखणदार मारणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा.

विषारी म्हणून ओळखावेत ते मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. फुरसे तर खवले घासून करकरते, 'दूर व्हा' असे बजावतेच. आपण दूर व्हावे, सर्पमित्राला बोलवावे. दंश झालाच तर मांत्रिक नको, थेट इस्पितळ गाठावे. या चौघांवरचे प्रतिविष तेथेच मिळते.

नागपंचमीला हात जोडायचे आणि एरवी काठी घ्यायची, हा कोणता हिशेब?