टेलि म्हणजे दूर

'टेलि' हा शब्द मूळचा ग्रीक आणि त्याचा अर्थ 'दूर', एवढे ग्रीक मलाही येते. टेलिफोन म्हणजे दूर राहून बोलणे. टेलिग्राफ म्हणजे दूर राहून लिहिणे. ती आपली तार २०१३ साली बंद पडली, पण अर्थ काही बदलला नाही. टेलिव्हिजन म्हणजे दुरून पाहणे. बातम्या पाहताना कोणी निवेदिकेच्या टेबलावर जाऊन बसल्याचे माझ्या ऐकिवात नाही. या सगळ्या खानदानात एकच शब्द असा निघाला, की ज्याचा अर्थ त्याचे मालकच विसरले. तो म्हणजे टेलिफोटो लेन्स. दहा लाखांच्या वर पैसे मोजून हे लोक अंतर विकत घेतात आणि मग पोटावर सरपटत जाऊन तेच अंतर मातीमोल करतात.

हिशेब साधा आहे. साध्या कॅमेऱ्याची लेन्स ५० मिलिमीटरची धरली, तर ६०० मिलिमीटरची लेन्स पक्षी १२ पट जवळ आणते. म्हणजे ६० मीटरवर बसलेली टिटवी ५ मीटरवर बसल्यासारखी दिसते. शास्त्रज्ञांनी डोकी खाजवून, काचा घासून हे साधले ते कशासाठी? पक्ष्याला कळू न देता तो पाहता यावा म्हणून. तीन किलोंची ती तोफ खांद्यावर टाकून पाच मीटरवर जायचे असेल, तर घरून चष्मा लावून निघाले असते तरी भागले असते.

हे मी पुण्या-मुंबईच्या सोयीच्या खुर्चीत बसून लिहीत नाही. आम्ही बीड जिल्ह्यातले. आमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे, असे विचारणारे पाहुणे पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने परत जात. आता तसे नाही. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे. १९९४ साली ते जाहीर झाले आणि बालाघाटच्या त्या खुरट्या झाडीत मोराला सरकारदरबारी घर मिळाले. राष्ट्रीय पक्षी तो १९६३ पासूनच होता. म्हणजे मान मिळाल्यावर घर मिळायला त्यालाही एकतीस वर्षे लागली. असो. तेव्हापासून मोर पाहायला माणसे येतात, याचा आम्हाला आनंदच आहे. येणाऱ्यांत लांब नळीवाले वाढले, तिथून माझी तक्रार सुरू होते.

आमचे साडू त्यांपैकीच एक. स्वभावाने सोन्यासारखा माणूस. मुंगी चिरडेल म्हणून बघून पाऊल टाकणारा. पण एकदा का डोळा त्या नळीला लागला, की मुंगी, माणूस आणि बायको यांतला फरक त्यांना कळेनासा होतो. गेल्या एप्रिलात ते आले. सकाळीच ऊन चटके देत होते. शेजारच्या मामांच्या उघड्या रानात टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवीचे घरटे म्हणजे काय, तर जमिनीत एक खळगा आणि चार खडे. मामांनी मशागतीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला थांबवून तेवढा तुकडा सोडायला लावला होता. टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, असे आमच्याकडची जुनी माणसे धरतात. ते खरे की खोटे, हे हवामान खात्याने ठरवावे. पण त्या समजुतीपायी हातभर रान सुटते, आणि आमच्याकडे हातभर रानासाठी भावाभावांत कोर्ट होते, हे लक्षात घ्या.

साडू त्या हातभर रानासमोर पालथे पडले. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून गाव गोळा होईल एवढ्याने ओरडू लागली. साडूंना वाटले, पोज देते आहे.

"पाव्हणं, जरा माघारी सरका," मामा म्हणाले, "अंडी उन्हात हायेत. तिला सावली धरू द्या."

"पाचच मिनिटं मामा. लाइट फार सुंदर आहे."

मामांनी वर सूर्याकडे पाहिले. साठ वर्षांत त्यांना एप्रिलातल्या उन्हाबद्दल हे विशेषण कोणी ऐकवले नव्हते.

मामा बरोबर बोलत होते. भर उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. कुठे पाणी असले तर पोटाची पिसे भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. आपण तिथे 'पाचच मिनिटं' पडलो, की तेवढा वेळ ती चार पिल्ले तव्यावर. शिवाय आपण उठून गेलो तरी वास राहतो, वाट राहते, आणि झाडावरचा कावळा हे सगळे फुकटात पाहत असतो. झाडावरचे घरटे असले तर हे लोक फोटोच्या आड येणाऱ्या चार फांद्या छाटतात. म्हणजे पिल्लांचे छप्परच काढून नेतात.

अर्ध्या तासाने मामांनी मराठवाड्यातले शेवटचे हत्यार काढले. "चला, चहा घ्या," म्हणाले. पाहुण्याला हलवायला आमच्याकडे याहून मोठी दांडगाई नाही. आम्ही शंभर पावले गेलो आणि वळून पाहिले, तर टिटवी अंड्यांवर उभी होती. पुढे त्या फोटोला साडूंनी 'वात्सल्य' असे नाव दिले आणि घरोघरच्या मोबाइलवर त्याला हात जोडले गेले. वास्तविक त्या पक्षिणीच्या मुद्रेचे प्रामाणिक भाषांतर छापण्याजोगे नाही.

दुसरी एक तऱ्हा आहे. मोबाइलवर नर पक्ष्याचा आवाज वाजवायचा. आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून खरा नर खाणेपिणे टाकून धावत येतो, आणि मग त्याचा फोटो. बांधावरून खोटे भांडण लावून देणाऱ्या माणसाला आमच्या गावात काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही. पक्ष्यालाही बांध असतो, एवढेच सांगतो.

यावर हे लोक म्हणतात, फोटोंमुळे पक्ष्यांवर प्रेम वाढते. वाढते ना! कोणता पक्षी कुठे, कधी दिसला याचा पुरावाही फोटोने मिळतो, हे मला मान्य आहे. उडत्या, चरत्या, नाचत्या पक्ष्याचे दुरून हवे तेवढे फोटो काढा. पण सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ साली निघाले, त्यात होती ती हाताने काढलेली चित्रे. त्यांवर पिढ्याच्या पिढ्या पक्षी ओळखायला शिकल्या. प्रेम वाढायला घरट्यात नाक खुपसावे लागत नाही.

"आम्ही काय बंदूक चालवतो?" असेही विचारतात. याचे उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देऊन ठेवले आहे. त्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते. म्हणजे पालथा पडलेला तो गृहस्थ स्वतःला कलावंत समजत असला, तरी व्याख्येने शिकाऱ्याच्या पंगतीला बसतो. 'शूट' हा शब्द दोघांनीही वापरावा, यात मग नवल ते काय?

पंचतंत्रात टिटवीची अंडी समुद्राने नेली. तिने पक्ष्यांना गोळा केले, गाऱ्हाणे गरुडाकडे गेले, गरुडाकडून विष्णूकडे, आणि समुद्राला अंडी मुकाट्याने परत करावी लागली. समुद्राची लेन्स नसल्यामुळे त्याला लवकर समजले असावे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात इतकेच : घरट्याचा फोटो काढूच नये, कितीही लांबून दिसत असला तरी. आणि इतर वेळी पक्ष्याने चरणे थांबवून मान वर केली, की आपण जास्त जवळ आलो असे समजून तिथेच थांबावे. तो ओरडू लागला तर माघारी फिरावे. याला ग्रीक यावे लागत नाही. आमच्या मामांना एक अक्षर येत नाही, कॅमेरा त्यांनी हातात धरलेला नाही. पण 'टेलि'चा अर्थ त्यांना ट्रॅक्टर थांबवण्याइतका पक्का ठाऊक आहे.