पाच डॉलरांचा चेंडू

अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानांवर प्रेक्षकांना खुर्ची दाखविणारा सेवक तासांच्या हिशेबाने, हंगामापुरता राबतो. रंगलेल्या खेळाकडे बहुधा त्याची पाठच असते. तरीही एक आशा त्याच्या मनात तग धरून असते : एखादा विक्रमी चेंडू आपल्याच पायाशी येऊन पडेल. ही आशा अगदीच वेडगळ म्हणता येणार नाही. १९९८ साली मार्क मॅकग्वायरने सत्तराव्या होमरनसाठी टोलविलेला चेंडू पुढील वर्षी सुमारे तीस लाख डॉलरांना विकला गेला. पण तो झेलला होता एका प्रेक्षकाने, आणि प्रेक्षकाने झेललेला चेंडू प्रेक्षकाचा, असा तेथील संकेत आहे. नोकराने उचललेला कोणाचा?

मिलवॉकीत २० जुलै १९७६ रोजी याचे उत्तर मिळाले. हँक एरनच्या ७५५व्या, पुढे अखेरच्या ठरलेल्या होमरनचा चेंडू मैदानाची निगा राखणाऱ्या एका अर्धवेळ कामगाराच्या हाती लागला. तो आपण स्वतः एरनच्या हाती देऊ, एवढेच त्याचे मागणे. व्यवस्थापनाने चेंडू क्लबची मालमत्ता ठरविला, त्याला कामावरून काढले आणि अखेरच्या पगारातून चेंडूचे पाच डॉलर कापून घेतले! श्रमाची किंमत मालकाने ठरवावी हे नित्याचेच; येथे कामगाराच्या दैवयोगावरही मालकाने हक्क सांगितला. त्याने जपून ठेवलेला तोच चेंडू १९९९मध्ये सहा लाखांहून अधिक डॉलरांना गेला.

मॅकग्वायरचा ६२वा चेंडूही १९९८ साली सेंट लुइसमध्ये अशाच एका कामगाराला सापडला होता. त्याने तो त्याच रात्री परत केला. त्याचे देशभर कौतुक झाले.