रस्त्यावरची कला नऊ दिवसांचीच पाहुणी?

मुंबई : जहांगीर कलादालनासमोरचा रॅम्पार्ट रो, अर्थात के. दुभाष मार्ग, वर्षभर मोटारींच्या ताब्यात असतो. थंडी सरता सरता नऊ दिवस मात्र हा रस्ता वाहनांसाठी बंद होतो आणि तेथे पथनाट्यांचे डफ घुमू लागतात. जवळच्या मैदानांत आणि उद्यानांत नृत्य, नाट्य व संगीताचे प्रयोग होतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवाचे हे दृश्य आता मुंबईकरांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे. या यशामागे दडलेला एक प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. उरलेले वर्षभर याच पदपथावर कलावंताला स्थान आहे काय?

पुतळा गेला, नाव राहिले

ज्या घोड्यावरून या भागाला नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये येथून हलवण्यात आला. पुढे तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात गेला आणि चौकात वाहनतळ उरला. परिसराच्या जतनासाठी १९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशनची स्थापना झाली व पाठोपाठ महोत्सव आला. २०१७ मध्ये तेथे स्वाराविना नवा घोडाही उभा राहिला. महोत्सवातील कार्यक्रम विनामूल्य असतात, हे त्याचे खरे बलस्थान होय. नाट्यगृहाची पायरी कधी न चढलेला, कार्यालयातून सुटून चर्चगेटची गाडी पकडायला निघालेला कर्मचारीही येथे समकालीन नृत्याचा प्रयोग पाहण्यासाठी थबकतो. बंद सभागृहांना हे साधलेले नाही.

एकच रस्ता, दोन न्याय

तथापि, तिकीट नसले म्हणजे खर्च नसतो असे नव्हे. महापालिका, पोलीस, वाहतूक विभाग, अग्निशमन दल अशा अनेक दारांतून परवानग्या मिळवाव्या लागतात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. शांतता क्षेत्र घोषित झालेल्या भागात आवाजाची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. यांपैकी बहुतेक अटी रास्तच आहेत. त्या पाळण्यासाठी यंत्रणा लागते आणि यंत्रणेसाठी प्रायोजक. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत, त्या कलावंताची गाठ वेगळ्याच कायद्याशी पडते.

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे व खेळ करून दाखवणे या निमित्ताने पैसे मागणेही समाविष्ट केले. पहिल्यांदा दोषी ठरलेल्यालाही संस्थेत एक ते तीन वर्षे डांबण्याची त्यात तरतूद आहे. हाच कायदा दिल्लीत लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील बहुतांश तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. तो निकाल दिल्लीपुरता होता. त्यामुळे महोत्सवाच्या मांडवात ज्याला लोककला म्हणून टाळ्या मिळतात, तोच खेळ महिनाभराने डोंबाऱ्याने पदपथावर मांडला, तर तो गुन्हा ठरू शकतो.

परंपरा चौकाचीच

महाराष्ट्राला हे शोभणारे नाही. वासुदेव, गोंधळी, भारूडकार यांची रंगभूमी अंगण आणि चौक हीच होती. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाच्या अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या शाहिरांनी गिरणगावातील कामगारांपुढे उघड्यावर कला सादर केली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने सभा गाजवल्या. त्या लढ्याची साक्ष देणारा हुतात्मा चौक काळा घोड्यापासून चालत काही मिनिटांवर आहे.

महोत्सवाने लोक थांबतात, पाहतात आणि दाद देतात, एवढे सिद्ध केले आहे. पुढचे पाऊल शासन व महापालिकेने उचलावयाचे आहे. प्रत्येक प्रभागात एखादा चौक, उद्यानाचा कोपरा वा पुलाखालची जागा ठरावीक वेळी कलावंतांसाठी खुली ठेवणे, लहान प्रयोगांना एकाच खिडकीतून परवानगी देणे आणि कलेला भीक ठरवणारी व्याख्या बदलणे यांसाठी मोठ्या निधीची गरज नाही. अन्यथा सार्वजनिक जागेतील कला हा वर्षातून एकदा भरणारा उरूसच राहील, आणि दहाव्या दिवशी रॅम्पार्ट रोवर मोटारी परततील तेव्हा कलावंताला मात्र परतायला जागा नसेल.