‘सानुग्रह’ साहाय्याची मर्यादा

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील ट्रॉमा सेंटरमध्ये ५ ऑक्टोबर २०२५ रोजी, रविवारी रात्री उशिरा आग लागली. अतिदक्षता विभागाच्या साठवणीच्या खोलीत ती पेटली आणि धूर खाटांपर्यंत पोहोचला. तेथील रुग्ण उठून पळू शकणारे नव्हते. सहा जण दगावल्याचे राज्य सरकारने सांगितले. हा आकडा अधिक असल्याचेही सांगितले गेले. त्यानंतरचा क्रम ठरलेलाच होता: चौकशी समिती, अधीक्षकांची उचलबांगडी आणि मृतांच्या वारसांना दहा लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य.

‘सानुग्रह’ हा शब्द शासकीय टिपणींत इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. अनुग्रह करणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते; घेणाऱ्याचा त्यावर हक्क नसतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी दहा अर्भके दगावली आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अकरा रुग्णांचा बळी गेला. महाराष्ट्र सरकारने दोन्ही वेळा प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले, राजस्थानने दहा. ही तफावत कोणत्याही कायद्याने ठरवलेली नाही. शिवाय अशी घोषणा होते ती प्रेते मोजली जातात तेव्हा. शस्त्रक्रियेत एका रुग्णाचा डोळा गेला किंवा एखाद्याला कायमचे अपंगत्व आले, तर मंत्री रुग्णालयात धावत येत नाहीत.

अशा रुग्णापुढे कायद्याचा मार्ग आहे. मात्र तो सरळ नाही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी दिला. परंतु जेथे सर्वांनाच सर्वथा विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये याच निकालाने कक्षेबाहेर ठेवली. राजस्थानात २०२२ पासून राज्याच्या रहिवाशांना सरकारी रुग्णालयांत मोफत उपचारांची योजना आली. कल्याणकारी राज्याने खिशाला हात लावू दिला नाही म्हणून रुग्णाचे ‘ग्राहकपण’च वादात सापडावे, हा विचित्र योग आहे. काही रुग्ण पैसे भरत असतील किंवा विमा कंपनी खर्च देत असेल, तर त्याच निकालाच्या आधारे दावा टिकू शकतो. पण तो टिकेपर्यंत वकिलाचे शुल्क रुग्णानेच भरायचे.

उरतो दिवाणी दावा. औरंगाबादच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये शस्त्रक्रियेवेळी एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. कनिष्ठ न्यायालयाने मंजूर केलेली छत्तीस हजारांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली, तोवर १९९६ साल उजाडले होते. निकाल मोलाचा होता, कारण रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याचा बचाव त्यात फेटाळला गेला. पण भरपाईच्या दृष्टीने तेहतीस वर्षांनी आलेल्या छत्तीस हजारांना काय म्हणावे?

दिल्लीहून जयपूरला उपचारासाठी निघालेला रुग्ण गाडीतून पडून जखमी झाला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार कोणाची चूक हे सिद्ध न करता त्याला भरपाई मागता येते. आत्महत्येसारखे मोजके अपवाद सोडले, तर मृत्यूसाठी आठ लाख आणि जखमांसाठी ठरलेले कोष्टक आहे. तोच रुग्ण सुखरूप पोहोचून रुग्णालयाच्या खाटेवर भाजला, तर असे कोष्टक नाही. राजस्थानने २०२३ मध्ये देशात प्रथम आरोग्य हक्काचा कायदा केला, त्यावरून डॉक्टर रस्त्यावर उतरले. पण उपचारात इजा झालेल्याला किती भरपाई द्यावी, हे त्यानेही ठरवले नाही. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातांसाठी दोष न शोधता भरपाई देणारी सरकारी व्यवस्था आहे आणि उपचारांतून झालेली इजाही तिच्या कक्षेत येते.

आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हे उत्तर केंद्राकडून ठरलेले असते. ते अपुरे आहे. न्यायालयात दाद मागण्याजोगी अपकृत्ये हा विषय समवर्ती सूचीत आठव्या क्रमांकावर आहे. निदान सरकारी रुग्णालयातील आग, प्राणवायूची गळती, चुकीच्या गटाचे रक्त अशा घटनांपुरती निर्दोष-दायित्वाची तरतूद संसद करू शकते. डॉक्टरच्या निदानातील चुकीचा प्रश्न वेगळा आणि खरोखरच नाजूक आहे. विजेच्या जुन्या तारांचा नाही.

तूर्तास नातेवाइकांच्या हाती २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्यात तक्रारदाराला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. परप्रांतात उपचार घेतलेल्या कुटुंबांना याचा उपयोग आहे. मात्र तक्रारीची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची असते. जयपूरच्या आगीतील कुटुंबांसाठी ती ऑक्टोबर २०२७ मध्ये संपते.