आठ दिवे लागले, तरी नेट जातंय?

सदर : घरचं यंत्र

नेट ये-जा करू लागलं की पहिली शिवी कंपनीला बसते. मग कस्टमर केअर, मग ‘राउटर बंद करून चालू करा’. वायफाय असेल तर भिंतींना, शेजाऱ्यांच्या राउटरना दोष देता येतो. पण डेस्कटॉपला थेट लॅन केबल असूनही नेट तुटत असेल, तर आधी संशय घ्यावा केबलच्या टोकाच्या कनेक्टरवर.

दोष घरातला की बाहेरचा, हे फोन न करताही कळतं. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१) पिंग लावा, दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ ला. शेवटी ‘-टी’ जोडलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. राउटर नीट उत्तर देतोय आणि बाहेरचंच तुटतंय, तर खुशाल कंपनीशी भांडा. राउटरच गप्प होत असेल, तर भांडण घरातलं आहे.

आता विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. दोन्हीकडची पोर्टं गिगाबिटची असून १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर चोर जवळपास सापडलाच. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा पुरतात : १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. गंमत म्हणजे गिगाबिटची बोलणी होतात ती याच चार तारांवरून. उरलेल्यांतली एक जरी तुटकी असेल, तर ठरलेलं पार पडत नाही. पुन्हा बोलणी, पुन्हा फिसकटणं, आणि शेवटी बरीच पोर्टं १०० वर उतरतात. ही झटापट चालू असेपर्यंत तुमचं नेट गेलेलं.

माझा खरा राग आहे तो क्रिम्पिंगवर, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवण्यावर. योग्य क्रम असा : पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन बाजूंना फाकलेली. घाईतला माणूस मात्र रंगाशेजारी रंग लावून मोकळा होतो. दोन्ही टोकांना तीच चूक केली की टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, ‘झालं साहेब’ म्हणून तो निघूनही जातो. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते बघतो. पण ३ आणि ६ वरचा सिग्नल आता एकमेकींना पीळ नसलेल्या दोन तारांतून जातो, आणि बाहेरचा गोंगाट मारतो तो पीळच. हातभर केबलला चालून जातं. विजेच्या वायरींसोबत हॉल ओलांडून नेलेल्या केबलला नाही.

केबलही बघून घ्या. स्वस्त मालात ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसते. दिवाळीच्या साफसफाईत टेबल सरकवताना अशी तार दुमडली, की मोडलीच म्हणायची.

ड्रायव्हर, वीजबचतीचं ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ वगैरे नंतर बघू. आधी बाजारातली तयार पॅच कॉर्ड आणून हॉलमधून उघडी टाका. घरचे दोन दिवस कुरकुरतील. त्यानेही भागलं नाही, तर राउटरचं पोर्ट बदला. तरीही तुटलं, तर यूएसबीचा लॅन अ‍ॅडॅप्टर लावा. त्यावर नेट टिकलं तर गोम कॉम्प्युटरच्या पोर्टात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे. दुकानदार अशा वेळी नवा मदरबोर्ड सुचवतो. ऐकू नका, अ‍ॅडॅप्टर तसाच राहू द्या.

– वायरमन