उरवाईच्या उतारावरचा गुडघा

उरवाई दरवाजातून ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पळायला जाणाऱ्यांकडून एक तक्रार मी सारखी ऐकतो. चढताना काही होत नाही, उतरताना गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. चालायला लागलं की थांबते, पुन्हा पळायला लागलं की परत येते. शीर आखडली म्हणून घरी तेल चोळतात, जिममध्ये फोम रोलर हातात देतात. दुखतं तिथेच रगडत बसायचं, हा हट्ट आता सोडायला हवा.

तिथे आहे आयटी बँड. खुब्याजवळ सुरू होऊन मांडीच्या बाहेरून उतरणारा आणि नडगीच्या वरच्या टोकाशी एका उंचवट्याला चिकटणारा जाड, चिवट पट्टा. एका पायावर उभं राहून गुडघ्याच्या जरा वर, बाहेरच्या बाजूला बोटं दाबा, तो ताठ हाताला लागतो. वरून त्याला दोन स्नायू ओढतात: पुढचा लहान, मागचा नितंबाचा मोठा.

हा पट्टा हाडावर पुढेमागे घासतो, असं बरीच वर्षं मानलं गेलं. 2006 साली फेअरक्लफ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं मांडलं. पट्टा मांडीच्या हाडाला तंतूंनी बांधलेला असतो, तो फारसा सरकत नाही. त्याच्याखालचा चरबीचा थर दाबला जातो, आणि त्या थरात मज्जातंतू भरपूर असतात. गुडघा साधारण 30 अंशांत वाकलेला असताना हा दाब वाढतो. पाय जपून टाकत सावकाश उतार उतरताना गुडघा नेमका त्याच कोनाजवळ रेंगाळतो. म्हणूनच काहींना सपाटीवर जोरात पळताना कमी दुखतं. आधीच दाबलेल्या थरावर रोलर फिरवून काय मिळणार?

थकलेल्या माणसाला उतरताना मागून पाहा. पाय टेकला की दुसऱ्या बाजूचा खुबा खाली कलतो, मांडी आत वळते, पट्टा ताणला जातो. 1957 पासून लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था ज्या शहरात आहे, तिथे तरी पळणाऱ्याची तपासणी गुडघ्याशीच संपू नये. खुब्याची ताकद बघायलाच हवी.

खुब्यात ताकद येईपर्यंत किल्ला पळत चढा, पण काही आठवडे चालत उतरा. चालतानाही दुखलं तर तेवढे दिवस किल्लाच नको. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून सावकाश उचला, पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून कलणारा खुबा वर आणा. पळताना पावलं आखूड टाका. गुडघ्याला सूज आली किंवा तो अडकू लागला, तर दुखणं वेगळं असू शकतं. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.